चौकटीबाहेरची शाळा

एका शाळेमुळे घडलेल्या या छायाचित्रात शाळा कुठेच दिसत नाही. दिसतो तो रस्ता आणि रस्त्याने चाललेली माणसे. सगळ्यांत पुढे एक कृष्णवर्णीय मुलगी आहे. अंगात पांढरा, नीट इस्त्री केलेला पोशाख, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात अंगाशी घट्ट धरलेली वही. तिच्या मागे गोऱ्या मुली, बायका, पुरुष. त्यांतल्या एका मुलीचे तोंड उघडे आहे, दात दिसताहेत, सगळा चेहरा आवळून आला आहे. ती काय ओरडते आहे ते ऐकू येत नाही, पण ते कळायला इंग्रजी यावे लागत नाही.

तारीख ४ सप्टेंबर १९५७, वार बुधवार. गाव लिटल रॉक, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याची राजधानी. पुढची मुलगी एलिझाबेथ एकफर्ड, मागची हेझल ब्रायन. दोघीही पंधरा वर्षांच्या. छायाचित्र घेणारे विल काउंट्स हे 'आर्कान्सा डेमोक्रॅट' या तिथल्याच वर्तमानपत्राचे तरुण छायाचित्रकार. वर्णद्वेषाचा विषय निघाला की हे चित्र पुढे येतेच, आणि पाहणारा ते दोन चेहऱ्यांत वाटून मोकळा होतो : एक सोसणारा, एक छळणारा. माझा मात्र पक्का ग्रह आहे की हे चित्र मुळात एका शाळेचे आहे. ती चौकटीबाहेर राहिली आहे, पण चौकटीतले प्रत्येक पाऊल तिच्यामुळे पडले आहे.

आधी चौकटीच्या आत पाहू. आपल्या रसचर्चेत अनुभावाला मोठे महत्त्व आहे. मनातला भाव शरीरावर ज्या खुणांनी उमटतो त्या खुणा म्हणजे अनुभाव, आणि त्यांत सर्वांत बोलके डोळे. हेझलच्या चेहऱ्यावर क्रोधाचे सगळे अनुभाव एकाच क्षणी हजर आहेत. कॅमेऱ्याला त्याहून जास्त काही मागायचे उरत नाही, आणि पाहणाऱ्यालाही नाही. तिचा चेहरा एका नजरेत वाचून संपतो. एलिझाबेथचे उलट आहे. गॉगलने डोळे झाकलेले, ओठ मिटलेले, मान ताठ, चाल ठरावीक. एकही अनुभाव ती आपल्या हाती लागू देत नाही. म्हणून नजर पुन्हा पुन्हा तिच्याकडे वळते आणि जे तिने दाखवले नाही ते आपण आपल्या मनातून भरू लागतो. या चित्रात अश्रूचा एक थेंब नाही, तरी करुण उभा राहतो, तो आपल्या बाजूला. तिच्या बाजूला बहुधा वीर असावा. पण तो रणांगणावरचा वीर नव्हे. पाय पळायला बघत असताना त्यांना चालायला लावणारा तो वीर आहे.

यात तंत्राचाही वाटा आहे. त्या काळचे बहुतेक वृत्तछायाचित्रकार मोठे, जड कॅमेरे वापरत. एक चित्र घेतले की फिल्म बदलायची, मग पुढचे. काउंट्स यांच्याकडे पस्तीस मिलिमीटरचा निकॉन होता, एका रिळात छत्तीस चित्रे. त्यामुळे त्यांना चालत्या मुलीच्या पुढे राहून, तिच्या चालीने मागे सरत, एकामागून एक चित्रे घेता आली. या चित्रातली चाल खरी वाटते, कारण छायाचित्रकारही चालत होता. कुणी थांबून दिलेले नाही, कुणी थांबवलेले नाही.

आता चौकटीबाहेर.

ही शाळा १९२७ साली उघडली तेव्हा तिचे नाव लिटल रॉक सीनियर हायस्कूल असे होते. 'सेंट्रल हायस्कूल' हे नाव पुढे १९५०च्या दशकात पडले. बांधायला १५ लाख डॉलर लागले. तेव्हा मोटारगाडी काहीशे डॉलरांत मिळत होती, यावरून त्या रकमेचा अंदाज यावा. दोन चौकांएवढी लांब, फिकट विटांची इमारत, समोर पाण्याचा हौद, दोन्ही बाजूंनी वळत वर जाणारे जिने. अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने तिला देशातले सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून गौरवले. मुख्य दरवाजावर चार दगडी मूर्ती आहेत, ग्रीक देवतांच्या धर्तीच्या, आणि त्यांची नावे महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी. गावाने आपल्या मुलांविषयी जी स्वप्ने पाहिली ती दगडात कोरून दारावर बसवली होती. सरकारी शाळा, फी नाही, गावच्या करातून चालणारी. हमालाचा मुलगा आणि बँकवाल्याचा मुलगा एकाच जिन्याने वर जाणार. 'टायगर्स' या नावाने खेळणारा फुटबॉलचा संघ, बँड, नाटके, शाळेचे वर्तमानपत्र. अशी शाळा गावातल्या मुलांना शिकवते, शिवाय गावाला गावपणही देते.

फक्त एवढेच की त्या जिन्याने वर जाणारी सगळी मुले गोरी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२९ साली जवळच डनबार हायस्कूल बांधले गेले, चार लाख डॉलरांत. तेसुद्धा काही प्रमाणात शिकागोच्या ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीच्या मदतीने. त्याच वास्तुविशारदांपैकी काहींनी ते आखले, म्हणून ते थोरल्या शाळेची धाकटी प्रतिकृती दिसते. डनबारच्या शिक्षकांनी ती शाळा नावारूपाला आणली आणि तिचा दबदबा दक्षिणेत दूरवर होता. त्याच शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षिका स्यू कॉवन मॉरिस यांनी १९४२ साली गोऱ्या शिक्षकांइतका पगार मिळावा म्हणून शाळामंडळावर खटला भरला. अपिलात त्या जिंकल्या, पण मधल्या काळात नोकरी गेली. इतके करूनही डनबारच्या मुलांच्या हाती येणारी पुस्तके बरेचदा गोऱ्या शाळांत वापरून झालेली असत. पहिल्या पानावर आधीच्या मुलाचे नाव लिहिलेले असे.

मे १९५४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात सांगितले की वर्णावरून वेगळ्या ठेवलेल्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत. लिटल रॉकचे शाळा-अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी एक सावध योजना आखली : आधी हायस्कूल, तेही एकच, तेही मोजकी मुले. चाळण लावत लावत नऊ मुले उरली. खेळ, गायनवृंद, नाटक यांत त्यांनी भाग घ्यायचा नाही, अशीही अट होती. म्हणजे ज्या गोष्टींनी ती शाळा गावाची होती, नेमक्या त्याच गोष्टी या मुलांना बंद. वर्गात बसा, पण शाळेचे होऊ नका.

आणखी एक गोष्ट चित्रातल्या गर्दीविषयी सांगायला हवी, कारण ती सहसा निसटते. त्याच वर्षी, १९५७मध्ये, गावाच्या पश्चिमेला, श्रीमंत गोऱ्यांच्या वस्तीत, हॉल हायस्कूल नावाची नवी शाळा उघडली. तिथे एकही कृष्णवर्णीय मूल धाडले गेले नाही. सेंट्रलच्या आसपासच्या कामगार गोऱ्या कुटुंबांना हे बरोबर दिसत होते. शहाणपण शिकवणारे आपली मुले लांब घेऊन गेले आणि प्रयोगाला आपली शाळा ठेवली, असा त्यांचा सल होता. त्यांच्या द्वेषाला यातून सूट मिळत नाही. पण काउंट्स यांच्या चौकटीतली माणसे कोण आहेत आणि गावातली कोणती माणसे त्या चौकटीत मुळीच नाहीत, हे कळल्याशिवाय चित्र पुरते वाचून होत नाही.

आता त्या सकाळकडे येऊ. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी दोन दिवस आधी राज्याचे नॅशनल गार्ड शाळेभोवती उभे केले होते. नागरी हक्कांचे काम करणाऱ्या डेझी बेट्स यांनी आदल्या रात्री निरोप पाठवले की मुलांनी एकत्र जमायचे, बरोबर धर्मोपदेशक असतील. एकफर्ड कुटुंबाकडे फोन नव्हता. निरोप पोचला नाही. एलिझाबेथ सार्वजनिक बसने एकटी आली. अंगातला पोशाख तिने आणि बहिणीने शाळेच्या पहिल्या दिवसासाठी घरी शिवला होता, खालच्या घेराला चौकड्यांच्या कापडाचा रुंद पट्टा. छायाचित्रात तो पट्टा स्पष्ट दिसतो, आणि मला वाटते चित्रातली सर्वांत जवळची गोष्ट तीच आहे. कुठल्याही घरात शाळा सुरू व्हायच्या आधी शिलाई मशीनवर रात्री जागल्या जातात. त्या पट्ट्यात तसली एक रात्र आहे.

गोरी मुले सैनिकांच्या रांगेतून सहज आत जाताना तिने पाहिली. सैनिक आपल्या रक्षणासाठी आहेत असे समजून ती पुढे झाली, तेव्हा त्यांनी रांग बंद केली. ती पुन्हा दुसऱ्या जागी गेली, तिथेही बंदुका आडव्या आल्या. मग ती पार्क स्ट्रीटने पुढच्या बसथांब्याकडे चालू लागली. काउंट्स यांचे चित्र या चालण्याचे आहे. म्हणजे या क्षणी ती शाळेकडे निघालेली नाही, शाळेच्या दारापासून दूर चालली आहे. आणि तिच्यामागची गर्दीही, जिला आपली शाळा राखायची आहे ती, शाळेचे दार मागे टाकून तिच्या पाठी लागली आहे. सत्र नुकतेच सुरू झालेले, शाळा हाकेच्या अंतरावर, आणि चौकटीत शाळेच्या दिशेने जाणारे कुणी नाही.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात शिरायचा तिने प्रयत्न केला, तर दार आतून लावून घेतले गेले. ती बाकावर जाऊन बसली. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे शिक्षणविषयक संपादक बेंजामिन फाइन तिच्या शेजारी बसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि यांना तुझे रडणे दिसू देऊ नकोस असे हळूच म्हणाले. ग्रेस लॉर्च नावाची गोरी बाई गर्दीला झिडकारत पुढे आली आणि तिच्याबरोबर बसमध्ये चढली. या बाई मूळच्या शिक्षिका. लग्न केले म्हणून बॉस्टनच्या शाळामंडळाने त्यांना कामावरून काढले होते. शाळेच्या दारातून बाहेर काढले जाणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. बसमधून एलिझाबेथ गेली ती थेट आईकडे. आई अंध मुलांच्या शाळेत कामाला होती.

काउंट्स यांच्याविषयी एक माहिती मी मुद्दाम इथवर राखून ठेवली. ते स्वतः याच शाळेचे माजी विद्यार्थी, १९४९च्या तुकडीचे. त्या चार मूर्तींखालून त्यांनी ये-जा केली होती. त्यामुळे हे चित्र बाहेरून आलेल्या पाहुण्याने गावाची लाज टिपलेले चित्र नाही. घरच्या माणसाने, घरच्याच लोकांकडे तोंड करून, मागे मागे चालत घेतलेले ते चित्र आहे. गर्दीतल्या चेहऱ्यांवर त्यांनी ना आणखी कुरूपता चढवली, ना त्यांच्यावर पांघरूण घातले. मला त्यांची ही तटस्थता थोर वाटते, कारण ती परकेपणातून आलेली नाही.

गार्ड हटवले गेल्यावर २३ सप्टेंबरला ती नऊ मुले बाजूच्या दाराने आत गेली, पण बाहेर हजारावर जमाव चिघळला आणि दुपारच्या आत त्यांना गुपचूप बाहेर काढावे लागले. त्या दिवशी काउंट्स यांनी आणखी एक अप्रतिम चित्र घेतले आहे. मेम्फिसचे कृष्णवर्णीय संपादक एल. ॲलेक्स विल्सन यांना जमाव लाथा घालतो आहे. उंच, सुटाबुटातला माणूस. ते पळाले नाहीत. पडलेली हॅट त्यांनी उचलली, नीट केली आणि पुढे चालू लागले. एलिझाबेथची वही आणि विल्सन यांची हॅट ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. दोघांनीही हातातली वस्तू सोडलेली नाही.

अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी मग १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे हजारावर जवान पाठवले आणि २५ तारखेला नऊही जण समोरच्या जिन्याने, मुख्य दरवाजातून आत गेले. दार उघडले. पण जवानांना वर्गात, स्वच्छतागृहात, कपडे बदलायच्या खोलीत जायची परवानगी नव्हती, आणि वर्षभर जे घडले ते तिथेच घडले. ढकलणे, थुंकणे, कुलपाच्या कपाटांवर आपटणे. मिनीजीन ब्राउनने कँटीनमध्ये त्रास देणाऱ्या मुलांवर जेवणाचा वाडगा सांडला. तिला आधी काही दिवस बंदी आणि फेब्रुवारीत शाळेतून काढले. मराठी वाचकाला इथे मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल आठवणे अटळ आहे. तेही शहरातले सरकारी हायस्कूल, कायद्याने सर्वांना खुले. मास्तरांनी भीमराव आंबेडकरांना गणितासाठी फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुले ते उचलायला धावली. संस्कृत शिकायचे होते, ते मिळाले नाही, फारसी घ्यावी लागली. सरकार दार उघडू शकते. फळ्यापर्यंतची पावले वर्गाच्या हातात असतात.

मे १९५८मध्ये अर्नेस्ट ग्रीन या शाळेतून उत्तीर्ण झालेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. त्याच्या घरच्यांबरोबर मार्टिन ल्यूथर किंग प्रेक्षकांत बसले होते. बाकीच्यांच्या नावांना टाळ्या पडल्या, त्याच्या नावाला शांतता. पुढच्या शालेय वर्षी राज्यपालांनी गावातली चारही हायस्कुले बंद केली आणि गावाने मतदानात १९,४७० विरुद्ध ७,५६१ अशा फरकाने त्याला पाठिंबा दिला. शिक्षक करारापुरते रोज येऊन रिकाम्या वर्गांत बसत. मुले परगावी, खासगी शाळांत, नातेवाइकांकडे पांगली. कृष्णवर्णीय मुलांपैकी बरीच कुठेच गेली नाहीत. पण फुटबॉलचे सामने मात्र त्या वर्षीही झाले. वर्ग बंद, संघ चालू. गावाला शाळेतले काय हवे होते आणि कशावाचून आपण राहू शकतो असे त्याला वाटत होते, याचा इतका उघड पुरावा मी दुसरा पाहिला नाही.

शाळा उघडली ती बायकांनी. १९५८च्या सप्टेंबरात ॲडॉल्फिन फ्लेचर टेरी या ७५ ओलांडलेल्या बाईंच्या घरी गोऱ्या गृहिणींची समिती स्थापन झाली. आपल्या शाळा उघडा, एवढीच मागणी. समितीत कृष्णवर्णीय बायकांना घेतले नव्हते आणि एकत्र शिक्षणाचा जाहीर पुरस्कारही नव्हता. ही मर्यादा लहान नाही. पण मे १९५९मध्ये शाळामंडळातल्या कट्टर गटाने ४४ शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढायचे ठरवले, तेव्हा याच बायका घरोघर फिरल्या, मतदार जमवले आणि त्या सदस्यांना मतपेटीतून खाली खेचले. शिक्षकांवर हात पडला तेव्हा गाव हलले. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या.

चित्रातल्या दोघींचे काय झाले? चित्र छापून आल्यावर हेझलच्या आईवडिलांनी तिला या शाळेतून काढून दुसरीकडे घातले. एलिझाबेथने ते भयंकर वर्ष काढले, पण पुढच्या वर्षी शाळाच बंद. राहिलेले शिक्षण तिने बाहेरून पुरे केले. जिच्यासाठी एक चालत गेली आणि एक ओरडत राहिली, त्या शाळेतून दोघींपैकी एकीचेही शिक्षण पूर्ण झाले नाही. हेझलने काही वर्षांनी फोन करून माफी मागितली. १९९७ साली, चाळीस वर्षांनी, काउंट्स यांनीच दोघींना शाळेसमोर उभे करून पुन्हा छायाचित्र घेतले. या वेळी मागे शाळा आहे, पूर्ण, सुंदर, आणि दोघी हसताहेत. त्याचे पोस्टर निघाले, खपले. पुढे दोघींची मैत्री झाली आणि विरलीही. एलिझाबेथ यांनी नंतर आग्रह धरला की भूतकाळ प्रामाणिकपणे कबूल केल्याशिवाय समेट होत नाही, असे त्या चित्रावर लिहिले जावे. छायाचित्र म्हणून मला हे दुसरे दुबळे वाटते. शाळा चौकटीत आली खरी, पण पडद्यासारखी मागे टांगलेली. पहिल्या चित्रात ती अदृश्य राहून सगळ्यांना ओढते आहे.

शाळा आजही भरते. १९९८पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि त्याच वेळी गावातले चालू सरकारी हायस्कूलही. पर्यटक येतात तेव्हा आत तास चालू असतात. २०१८मध्ये पार्क स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, एलिझाबेथ बसली होती तिथे, तसाच बाक पुन्हा उभा राहिला. त्याच्या उभारणीत शाळेतल्या मुलांचा हात होता. याच मुलांच्या स्मृतिप्रकल्पात एक काम नेमून दिले जाते : घरातल्या किंवा ओळखीतल्या मोठ्या माणसाला गाठायचे, अन्याय त्यांनी सोसला, केला की पाहिला हे विचारायचे आणि ते लिहून आणायचे. काउंट्स यांच्या चौकटीत हेझलखेरीज आणखीही चेहरे आहेत. कुणी हसणारे, कुणी दुसरीकडे पाहणारे, कुणी नुसतेच बरोबर चाललेले. इतिहासाने त्यांना फारसे काही विचारले नाही. हा गृहपाठ त्यांना विचारतो, आणि विचारणारा पंधरा-सोळा वर्षांचा, याच शाळेचा विद्यार्थी असतो.